अंगठ्याचे मोजमाप आणि कामाचे मोल : कळमना येथील श्रमिकांच्या संदर्भात व्यवसायोपचारातील मूल्यमापनाची समीक्षा

प्रस्तावना

नागपूर शहरातील कळमना हे नाव उच्चारले की कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार डोळ्यांसमोर येते. धान्य, मिरची, संत्री, कांदा-बटाटा आणि भाजीपाला यांच्या उलाढालीमुळे विदर्भाच्या अर्थव्यवहारात या बाजाराला महत्त्वाचे स्थान आहे. या बाजाराविषयी जे लिहिले जाते ते बहुधा आवक आणि भाव यांच्या परिभाषेत. श्रमिकांविषयी लिहिले गेलेच, तर ते हमालाच्या पाठीविषयी असते. त्याच्या किंवा तिच्या अंगठ्याविषयी कोणी लिहीत नाही. वस्तुतः पोत्याचा कान धरणे, सुतळी ताणून गाठ मारणे, दाभणाने पोत्याचे तोंड शिवणे, संत्र्यांची प्रतवारी करणे, मिरचीचा देठ खुडणे या साऱ्या कामांचा भार शेवटी अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या एका लहानशा सांध्यावर येऊन पडतो. हा सांधा झिजला की माणूस अंथरुणाला खिळत नाही, लंगडत नाही, लोकांच्या नजरेतही येत नाही. त्याचे काम मात्र हळूहळू हातून सुटू लागते.

अंगठ्याच्या संधिवाताचे मूल्यमापन हा व्यवसायोपचार या शास्त्राचा एक स्थिरावलेला विषय आहे. त्यासाठी उपकरणे, प्रश्नावल्या, चाचण्या आणि गुणांकनाच्या पद्धती उपलब्ध आहेत. या साधनांची शास्त्रीय विश्वसनीयता हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. या साधनांनी गृहीत धरलेला हात कोणाचा आहे आणि त्या गृहीतकात कळमन्याच्या बाजारातील हात बसतो का, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारात घेतला आहे. हा लेख सर्वेक्षणावर आधारलेला नाही. साधनांच्या आशयाची चिकित्सा असे त्याचे स्वरूप आहे.

संज्ञेचा प्रश्न

'व्यवसायोपचार' ही संज्ञाच प्रथम तपासून पाहावी लागते. मराठीत व्यवसाय म्हणजे धंदा, पेशा, उपजीविकेचे साधन. या शास्त्राला अभिप्रेत असलेला अर्थ त्याहून व्यापक आहे. आंघोळ करणे, स्वयंपाक करणे, नातवाला न्हाऊ घालणे, देवपूजा करणे, मजुरीला जाणे, अशा माणसाच्या दिवसाला अर्थ देणाऱ्या सर्व कृती त्यात येतात. १९५० साली कमला निंबकर यांनी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाच्या शिक्षणाचा भारतात पाया घातला. १९५२ साली स्थापन झालेल्या या शास्त्राच्या जागतिक महासंघाच्या संस्थापक देशांत भारताचा समावेश होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही व्यवसायोपचाराचे शिक्षण दिले जाते. म्हणजे हे शास्त्र आपल्याकडे नवखे किंवा परके नाही.

तथापि संज्ञेतील ही द्विधा व्यवहारात उतरते. रुग्णाला 'व्यवसाय काय?' असे विचारले की बाजारात तुकड्यावर काम करणारी स्त्री पुष्कळदा 'काही नाही, घरीच' असे उत्तर देते. कारण तिच्या लेखी व्यवसाय हा दुकानदाराचा किंवा नोकरदाराचा असतो. केसपेपरवर 'गृहिणी' असे लिहिले जाते आणि तिच्या दिवसाचे निम्मे काम मूल्यमापन सुरू होण्यापूर्वीच बाहेर राहते. ज्या शास्त्राची सुरुवातच माणसाच्या कामापासून होते, त्याच्या पहिल्याच प्रश्नात काम हरवावे, ही बाब किरकोळ म्हणता येणार नाही.

सांध्याची रचना आणि झीज

अंगठ्याच्या मुळाशी मनगटातील ट्रॅपेझियम हे हाड आणि अंगठ्याचे मेटाकार्पल हाड एकत्र येतात. या सांध्याचे दोन्ही पृष्ठभाग खोगिरासारखे एकमेकांवर बसलेले असतात. या रचनेमुळेच अंगठा इतर बोटांसमोर येऊ शकतो आणि चिमूट, पकड, मूठ शक्य होते. मात्र ज्या रचनेने हे स्वातंत्र्य दिले तिनेच स्थैर्य कमी केले. सांध्याचे स्थैर्य मुख्यतः अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर अवलंबून राहिले. कूनी आणि चाओ यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार चिमटीच्या टोकाशी लावलेला जोर मुळाच्या सांध्यापर्यंत पोचताना अनेक पटींनी, सुमारे बारा पटींपर्यंत वाढतो. देठ खुडताना बोटांच्या टोकाला जो जोर नगण्य वाटतो तो सांध्याच्या दृष्टीने नगण्य नसतो.

हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर, अधिक आढळतो. क्ष-किरण चित्रावरून त्याच्या चार अवस्था ठरविण्याची ईटन आणि लिटलर यांची पद्धती १९७३ पासून वापरात आहे. तथापि चित्रात दिसणारी झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचा मेळ नेहमी बसत नाही, हे आता सर्वमान्य आहे. चित्रात बरीच झीज असूनही एखादी व्यक्ती तक्रार करीत नाही, तर आरंभीच्या अवस्थेतील व्यक्तीला पाण्याचा तांब्याही उचलवत नाही. शिवाय अंगठ्याच्या बाजूच्या स्नायुरज्जूंचा दाह, अडकणारा अंगठा किंवा मनगटातील नस दबणे या विकारांतही दुखणे त्याच परिसरात जाणवते. म्हणून केवळ चित्र पुरेसे नाही, आणि हाताच्या कार्याचे मूल्यमापन करणाऱ्या व्यवसायोपचारकाची भूमिका येथेच निर्णायक ठरते.

बळाचे मोजमाप

कार्य मोजण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग म्हणजे मुठीचे बळ डायनॅमोमीटरने आणि चिमटीचे बळ पिंच गेजने मोजणे. व्यक्तीने खुर्चीवर बसावे, कोपर काटकोनात ठेवावे, तीन वेळा पूर्ण जोर लावावा आणि सरासरी घ्यावी, अशी ही पद्धत आहे. तुलनेसाठी सर्वाधिक उद्धृत होणारे प्रमाणमान माथिओवेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली अमेरिकेतील मिलवॉकी परिसरातील ६२८ प्रौढांच्या मोजणीतून तयार केले.

या पद्धतीचा गुण असा की ती सोपी, जलद आणि पुनरावृत्तीक्षम आहे. तिचा दोष तिच्या आकड्यात नाही, आकड्याच्या अर्थात आहे. ती क्षणभराचा कमाल जोर मोजते. कळमन्यातील कामाला कमाल जोर क्वचितच लागतो. तेथे मध्यम जोराची कृती दिवसभर, थांबण्याची मुभा नसताना करावी लागते. सकाळी रुग्णालयात विश्रांती घेतलेल्या हाताने समाधानकारक आकडा नोंदविणारी स्त्री दुपारी तीन वाजता अंगठा बाजूला ठेवून दोन बोटांच्या बेचक्यात देठ धरीत असेल, तर कोणता हात खरा मानावा? शिवाय आयुष्यभर अंगमेहनत केलेल्या व्यक्तीचे मूळ बळ सरासरीहून अधिक असू शकते. त्यातील मोठा हिस्सा गमावल्यानंतरही ती प्रमाणमानात 'सामान्य' ठरते. तिचे नुकसान तिच्या स्वतःच्या पूर्वीच्या हाताशी तुलना केल्याखेरीज दिसत नाही, आणि त्या पूर्वीच्या हाताची नोंद कोणी केलेली नसते.

प्रश्नावलीतील घर

दुसरा मार्ग प्रश्नावलीचा. १९९६ साली प्रसिद्ध झालेली 'डॅश' ही तीस प्रश्नांची प्रश्नावली संपूर्ण बाहूसाठी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेली 'ऑस्कॅन' ही पंधरा प्रश्नांची प्रश्नावली हाताच्या संधिवातासाठी आहे. दोन्हींचा जगभर वापर होतो आणि मूळ समाजाच्या संदर्भात दोन्ही काळजीपूर्वक घडविलेल्या आहेत. परंतु त्यांचे वाचन एखाद्या साहित्यकृतीसारखे केले तर त्यांतून एक विशिष्ट घर उभे राहते. त्या घराला गोल मुठीचे दार आहे, पलंग रोज नीट करावा लागतो, अंगणात बागकाम आहे, केस वाळविण्याचे यंत्र आहे, डोक्यावरून घालण्याचा स्वेटर आहे. सुटीच्या दिवशी गोल्फ, टेनिस किंवा पत्त्यांचा डाव आहे. त्या घरात अन्न सुरीने कापून खाल्ले जाते.

कळमन्याच्या वस्तीतील घराला कडी-कोयंडा असतो. भाजी विळीवर चिरली जाते. म्हणजे पाते स्थिर राहते आणि भाजी दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी पुढे रेटली जाते. चुलीवरचे किंवा गॅसवरचे भांडे सांडशीने उतरविले जाते, आणि भरल्या भांड्याचे संपूर्ण वजन अंगठा व बोटे यांच्या चिमट्यात तोलले जाते. ऑस्कॅनमध्ये भरलेले भांडे एका हाताने नेण्याचा प्रश्न आहे. पण दांडा किंवा कान असलेले भांडे आणि सांडशीत धरलेले पातेले यांत सांध्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. त्याच प्रश्नावलीत ओले फडके पिळण्याविषयी विचारले आहे. आपल्याकडे पिळा घातला जातो तो सहावार किंवा नऊवार साडीला, आणि चादरीला. कणीक मळणे, भाकरी थापणे, मंगळसूत्राचा आकडा लावणे, लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडणे, शौचानंतर पाण्याने स्वच्छता करणे या कृतींपैकी काहींना प्रश्नावलीत दूरचे नातेवाईक सापडतात, काहींना तेही सापडत नाहीत.

यावर भाषांतर हा उपाय सुचविला जातो. भाषांतर आवश्यक आहे, पण शब्दांच्या भाषांतराने कृतीचे भाषांतर होत नाही. 'बागकाम' हा शब्द निर्दोष मराठी आहे; तो प्रश्न मात्र मराठी नाही. लागू नसलेल्या प्रश्नाला रुग्ण 'काही त्रास नाही' असे उत्तर देतो, कारण जे कधी केलेच नाही त्यात त्रास कसला? अशा उत्तरांमुळे एकूण गुण कमी होतात आणि अपंगत्व प्रत्यक्षाहून सौम्य दिसते. चूक एकाच दिशेने होत असेल, आणि ती नेहमी कष्टकऱ्याच्या विरुद्ध दिशेने होत असेल, तर तिला केवळ तांत्रिक चूक म्हणता येत नाही.

वेदनेच्या शब्दांचाही येथे विचार करावा लागेल. मराठीत दुखणे एकच नाही. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी, सल वेगळा. हात भरून येणे आणि आखडणे यांतही भेद आहे. पिळताना येणारी कळ आणि रात्री लागणारा ठणका हे सांध्याच्या दोन निरनिराळ्या स्थितींकडे बोट दाखवितात. प्रश्नावली मात्र 'वेदना' हा एकच संस्कृत शब्द घेऊन त्याची सौम्य ते तीव्र अशी प्रतवारी लावते. मिरचीच्या कामात आणखी एक गुंतागुंत आहे. तिखटातील कॅप्सेसिनमुळे कातडीची आग होते. तिला आपण झोंबणे म्हणतो, दुखणे म्हणत नाही. 'हाताला त्रास होतो का?' या प्रश्नाचे उत्तर बहुधा या झोंबण्याविषयी मिळते आणि सांध्याचे दुखणे त्यामागे झाकले जाते. विशेष म्हणजे हाच पदार्थ संधिवातावरील मलमांत वापरला जातो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली हाताच्या संधिवातासाठी त्याची सशर्त शिफारस केली होती. २०१९ साली, पुराव्यांचे अपुरेपण आणि हातावरून डोळ्यांत जाण्याचा धोका लक्षात घेऊन, तो सशर्तपणे टाळण्याचा सल्ला दिला.

हस्तकौशल्याच्या चाचण्या

तिसरा मार्ग प्रत्यक्ष कृती करवून घेण्याचा. १९६९ सालच्या जेबसन-टेलर चाचणीत सात उपचाचण्या आहेत आणि प्रत्येकीस लागणारा वेळ मोजला जातो. त्यांत पहिली लेखनाची आहे. आणखी एकीत चमच्याने दाणे उचलून जेवण्याची नक्कल करावयाची असते. ज्या व्यक्तीने सहीच्या जागी आजवर अंगठाच उमटविला तिला वाक्य लिहावयास सांगणे, आणि जी पाचही बोटांनी घास करून जेवते तिला चमचा देणे, यातून हाताचे कार्य मोजले जाते की शिक्षण आणि राहणीमान, असा प्रश्न पडतो. चाचणी घेणारे अर्थातच लेखनाची उपचाचणी वगळतात; पण वगळलेल्या जागी काही येत नाही. घास करून तो अंगठ्याने तोंडात लोटणे ही अत्यंत सूक्ष्म समन्वयाची कृती आहे. तिच्यासाठी उपचाचणी नाही.

शासनाचा तक्ता

येथवरच्या साधनांचा परिणाम उपचारापुरता मर्यादित आहे. हक्कांशी संबंध येतो तो शासकीय गणनेचा. अपंगत्व ठरविण्यासाठी केंद्र शासनाने २००१ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत हाताच्या पकडीला ३० टक्के, संवेदनेला ३० टक्के आणि बळाला ३० टक्के असे वाटप होते. पकडीच्या ३० टक्क्यांत अंगठा इतर बोटांना टेकविण्याच्या क्षमतेला ८, किल्ली धरावी तशा बाजूच्या चिमटीला ५ आणि उर्वरित गुण निरनिराळ्या मुठींना दिलेले होते. बळाच्या ३० टक्क्यांत चिमटीच्या बळाचा वाटा १० होता.

हा तक्ता भारतीय आहे, सुटसुटीत आहे, आणि किल्लीसारखी घरोघरची वस्तू वापरणारा आहे. तरीही संधिवात झालेल्या अंगठ्याला तो कसा वागवितो हे पाहण्यासारखे आहे. असा अंगठा चारही बोटांना टेकतो, कारण टेकण्यासाठी जोर लागत नाही. तो किल्ली धरतो, कारण क्षणभर धरावयाची असते. संवेदना शाबूत असते. म्हणजे दिवसभर चिमूट करू न शकणारा हात या गणनेत जवळजवळ निर्दोष ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने लक्षणीय दिव्यांगत्वासाठी ४० टक्क्यांची मर्यादा घातली; तिच्या आसपासही हा हात पोचत नाही. दुसऱ्या बाजूस, १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा तुटल्यास उपार्जनक्षमतेचे नुकसान ३० टक्के धरलेले होते. तुटलेल्या अंगठ्याची किंमत कायद्याला कळली होती. झिजलेल्या अंगठ्याची कळली नव्हती. दोहोंच्या मधल्या प्रदेशात कळमन्यातील कित्येक हात आहेत.

रुग्णाला विचारण्याची पद्धत

या उणिवांची जाणीव शास्त्राला नव्हती असे नाही. १९९१ साली कॅनडात तयार झालेल्या कृतिक्षमता-मापनाने तयार यादीच बाजूला ठेवली. आपल्याला कोणत्या कृती करता येत नाहीत हे रुग्णानेच सांगावे, त्यांतील महत्त्वाच्या पाच निवडाव्यात आणि कामगिरी व समाधान यांना एक ते दहा असे गुण द्यावेत, अशी ही पद्धत आहे. सांडशी, पिळा, देठ या शब्दांना येथे प्रथमच दार उघडे होते. प्रस्तुत लेखकाच्या मते आपल्या परिस्थितीत हीच पद्धत पायाभूत मानावी.

तथापि तीही निर्दोष नाही. आपली अडचण सांगणे सुरक्षित आहे, असे ती गृहीत धरते. ज्या कामाची मजुरी वजनावर ठरते आणि ज्या कामासाठी दुसरे हात सदैव उपलब्ध असतात, तेथे 'माझ्याने होत नाही' हे वाक्य महाग पडू शकते. सोबत आलेल्या सासूसमोर किंवा मुलासमोर स्वयंपाकाची अडचण सांगणेही सोपे नसते. 'चालतं' हे आपले सार्वत्रिक उत्तर समाधानाचे द्योतक नसून पुष्कळदा पर्याय नसल्याचे द्योतक असते. त्याला दहापैकी आठ गुण देऊन पुढे जाणे म्हणजे सोसण्यालाच क्षमता समजणे होय. दहापैकी गुण देण्याची सवय ही शाळेची देणगी आहे, हेही विसरता येत नाही. सोळा आण्यांपैकी किती, अशा ओळखीच्या हिशेबात विचारले तर वयस्क व्यक्तीकडून अधिक नेमके उत्तर मिळणे संभवनीय आहे.

कळमन्याच्या संदर्भात अपेक्षित मूल्यमापन

वरील चर्चेवरून काही सूचना मांडता येतात. पहिली, 'व्यवसाय काय?' या प्रश्नाऐवजी 'काल पहाटेपासून निजेपर्यंत काय काय केले?' असे विचारावे आणि संपूर्ण दिवस नोंदवावा. दुसरी, बळाची मोजणी कामाच्या आरंभी आणि अखेरीस अशी दोनदा करावी. दोन्हींतील तफावत हीच खरी माहिती होय. तिसरी, विळी, सांडशी, दाभण-सुतळी, देठासह वाळलेली मिरची आणि ओले कापड एवढी सामग्री व्यवसायोपचार विभागात ठेवावी व त्यांवर ठराविक वेळ काम करवून घेऊन अंगठ्याची ठेवण पाहावी. मूळचा सांधा बाहेर सरकतो का, मधला सांधा उलटा वाकतो का, अंगठा टाळून दुसऱ्याच बोटांनी काम उरकले जाते का, हे निरीक्षण कोणत्याही आकड्याहून बोलके असते. भिवापूर, कुही, मांढळ या भागांतील मिरचीच्या सातऱ्यांवर काम करणाऱ्या स्त्रियांनाही हेच लागू होईल.

चौथी सूचना उपाययोजनेशी संबंधित आहे. अंगठ्याच्या मुळाला आधार देणारा स्प्लिंट वापरावा, अशी या विकारात जोरदार शिफारस केली जाते. पण कापडी किंवा रबरी स्प्लिंटमध्ये मिरचीची पूड साठली तर तो तासाभरात असह्य होईल. आणि स्प्लिंटमुळे खुडण्याचा वेग मंदावला तर मजुरी घटेल. मग तो घरी खुंटीला टांगला जातो आणि केसपेपरवर 'रुग्ण सहकार्य करीत नाही' अशी नोंद होते. मूल्यमापनातच कामाची जागा आणि मजुरीची पद्धत विचारली असती तर धुता येणारा साधा प्लास्टिकचा आधार, आलटूनपालटून कामे, जाड मुठीची सांडशी असे पर्याय आरंभीच सुचले असते. पाचवी सूचना, ही चौकशी कंत्राटदार किंवा अडत्याच्या उपस्थितीत होऊ नये. दुखण्याची नोंद काम जाण्याचे कारण ठरता कामा नये.

एक आक्षेप

स्थानिक सामग्रीवर आधारित मूल्यमापनामुळे तुलनीयता नष्ट होईल, नागपूरच्या निष्कर्षांची सांगड अन्यत्रच्या संशोधनाशी घालता येणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो योग्य आहे. म्हणूनच प्रमाणित साधने टाकून द्यावीत असे येथे सुचविलेले नाही. संशोधनासाठी आणि त्याच रुग्णाची आजची व सहा महिन्यांनंतरची स्थिती ताडून पाहण्यासाठी ती अवश्य वापरावीत. मात्र ती निवाडा देण्यासाठी वापरू नयेत. स्थानिक साधनही विश्वसनीयतेच्या कसोटीवर उतरलेच पाहिजे. आपले आहे म्हणून ते अचूक आहे, असा दावा करता येणार नाही.

समारोप

हे काम एकट्या व्यवसायोपचारकाचे नाही. वेदनेच्या शब्दांचा संग्रह मराठी विभाग करू शकतो. तुकड्यावरच्या मजुरीचा आणि घटलेल्या वेगाचा हिशेब अर्थशास्त्र विभाग मांडू शकतो. घरकामातील हालचालींचा अभ्यास गृहअर्थशास्त्राच्या कक्षेत पूर्वीपासून येतोच. महाविद्यालयांतून बहुविद्याशाखीय संशोधनाची चर्चा पुष्कळ होते. तिला कळमन्याच्या आवारात एक ठोस विषय वाट पाहत आहे.

कोणतेही मोजमाप काही पाहते आणि काही गाळते. जे गाळले जाते ते सतत एकाच वर्गाचे, एकाच प्रकारच्या कामाचे आणि बहुधा स्त्रियांचे असेल, तर मोजणाऱ्याने फूटपट्टी तपासली पाहिजे. अंगठ्याच्या सांध्याची झीज आज पूर्ववत करता येत नाही. परंतु ती झीज ज्या कामातून वाढली ते काम नोंदवहीत लिहिणे मात्र निश्चितच शक्य आहे, आणि उपचाराचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.